हार्ड डिस्क महागली. घरातल्या आठवणी कुठे ठेवायच्या?

२०२५ च्या उत्तरार्धापासून संगणकाच्या दुकानात गेलेल्या सभासदांना एक बदल जाणवला असेल. वर्षानुवर्षे इलेक्ट्रॉनिक वस्तू स्वस्त होत जातात, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव. या वेळी उलटे झाले. संगणकाची रॅम, पेन ड्राइव्ह, एसएसडी आणि त्यांच्या मागोमाग बाहेरून जोडायची हार्ड डिस्क, सगळ्यांचेच भाव चढू लागले. दुकानदार सांगतात, आज घ्या, पुढच्या महिन्यात आणखी वाढेल. घरातली मुले सांगतात, डिस्क कशाला, सगळे क्लाउडवर ठेवा. आणि आपल्यासारख्यांच्या घरी फोटोंचे अल्बम, लग्नाच्या सीडी, वडिलांच्या आवाजातल्या कॅसेट आणि तीन-चार जुन्या मोबाइलमध्ये अडकलेली छायाचित्रे, हे सगळे तसेच पडून आहे. भाव का वाढले, डिस्क घ्यायची तर कोणती, आणि घेतल्यावर ती ठेवायची कशी, याचा आपण नीट हिशेब मांडू.

भाव का चढले?

कारण साधे आहे. माल तेवढाच आणि मोठा गिऱ्हाईक नवा. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर जी प्रचंड डेटा सेंटर उभी राहत आहेत, त्यांना मेमरी चिप आणि डिस्क हव्या आहेत, आणि त्या हजारोंच्या नव्हे तर लाखोंच्या संख्येने. २०२२-२३ मध्ये या धंद्यात मोठी मंदी होती. तोटा सोसून कंपन्यांनी उत्पादन कमी केले होते. मागणी एकदम आली तेव्हा पुरवठा तयार नव्हता. चिपचा नवा कारखाना उभा करायला काही वर्षे लागतात. साखर कारखान्यासारखा पुढच्या हंगामात गाळप वाढवता येत नाही.

किरकोळ गिऱ्हाइकाचे स्थान आता काय राहिले आहे, हे एका बातमीवरून कळते. अमेरिकेच्या मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले की ‘क्रुशल’ या नावाने सामान्य ग्राहकाला रॅम आणि एसएसडी विकण्याचा आपला व्यवसाय ती बंद करत आहे. जवळपास तीस वर्षांचे नाव होते. कारण त्यांनीच दिले: डेटा सेंटरची मागणी. घाऊक व्यापारी दारात उभा असताना पावशेर साखर बांधून द्यायला दुकानदाराला वेळ नसतो, तसे हे झाले.

फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कची गोष्ट आणखी अरुंद आहे. जगात ती बनवणाऱ्या कंपन्या आता तीनच उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. खोक्यावर नाव कोणतेही असो, आतली डिस्क या तिघांपैकी एकाची असते. त्यात आपल्याकडे येणारा माल मुख्यतः आयातीचा, किंमत डॉलरमध्ये, आणि डिसेंबर २०२५ मध्ये रुपया डॉलरमागे ९० च्या पुढे गेला. वर १८ टक्के जीएसटी. तेव्हा दुकानदार फसवतो आहे असे समजायचे कारण नाही.

मग घाईने घ्यावी का? आमचे मत असे की भाववाढीच्या भीतीने मोठी डिस्क घेऊ नये, आणि भाव उतरतील म्हणून थांबूही नये. गरज मोजावी आणि तेवढीच घ्यावी. थांबण्याचा खर्च दर महिन्याच्या भावात दिसत नाही. तो दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

एक पूर तिकडचा, एक इकडचा

डिस्कचे भाव एकदम चढण्याची ही पहिली वेळ नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडमध्ये मोठा पूर आला. जगातल्या हार्ड डिस्कचा फार मोठा हिस्सा तिथे तयार होत असे. बँकॉकच्या उत्तरेला बांग पा-इन येथे वेस्टर्न डिजिटलचा कारखाना पाण्यात बुडाला आणि काही आठवड्यांत जगभर डिस्कच्या किमती दुपटीच्या आसपास गेल्या. पूर्वीच्या पातळीला यायला त्यांना बराच काळ लागला. एका नदीकाठी फार गोष्टी एकत्र ठेवल्या होत्या, एवढाच त्याचा अर्थ.

बडोदेकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. ३१ जुलै २०१९ रोजी शहरात एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट असताना पाणी ३५ फुटांच्याही वर गेले. लष्कर आणि आपत्ती निवारण दलाला होड्या घेऊन वस्त्यांत उतरावे लागले, रस्त्यावर मगरी आल्या, आणि तळमजल्यावरच्या कित्येक घरांत दोन-तीन दिवस पाणी उभे राहिले. फ्रिज, सोफा, मोटारी यांचा विमा थोडाफार मिळाला. कपाटाच्या खालच्या खणात ठेवलेल्या अल्बमचा विमा नसतो. पाणी ओसरल्यावर ज्या घरांत आपण चहा-खिचडी घेऊन गेलो, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी चिखलाने भरलेल्या सोफ्यापेक्षा एकमेकांना चिकटलेल्या फोटोंबद्दलच जास्त बोलणे झाले. २०२५ मध्ये महापालिकेने नदी खोल आणि रुंद करण्याचे मोठे काम हाती घेतले. त्याचा उपयोग होईल. पण आपल्या कपाटाची व्यवस्था महापालिका करणार नाही.

‘विश्वासू’ डिस्क कोणती?

दुकानात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच: कोणत्या कंपनीची चांगली? याचे आकड्यांत उत्तर देणारी एक जागा आहे. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी लोकांची माहिती साठवण्याचा व्यवसाय करते आणि २०१३ पासून आपल्याकडच्या डिस्क किती टक्के बंद पडल्या, हे जाहीर करत आली आहे. आज तिच्याकडे लाखोंच्या संख्येने डिस्क आहेत. त्यांचे वार्षिक प्रमाण २०२२ मध्ये १.३७ टक्के, २०२३ मध्ये १.७० टक्के आणि २०२४ मध्ये १.५७ टक्के होते.

म्हणजे ढोबळ मानाने १,००० डिस्कपैकी वर्षाला १५. पाच वर्षे धरली तर १,००० पैकी ७० च्या आसपास. बुडीत कर्जाचे प्रमाण म्हणून हा आकडा कोणतीही बँक आनंदाने घेईल. पण बँकेकडे हजारो कर्जदार असतात आणि आपल्या घरी डिस्क एकच असते. ती बंद पडली तर आपल्यापुरते बुडीत प्रमाण १०० टक्के होते.

दोन गोष्टी आणखी लक्षात ठेवायच्या. हे आकडे थंड खोलीत, एका जागी बसवलेल्या डिस्कचे आहेत. घरातली डिस्क टेबलावरून पडते, चालू असताना वायर ओढली जाते, मे महिन्यात ४३ अंशांत स्कूटरच्या डिकीत राहते. तिचे प्रमाण वेगळे असणार. दुसरे, कंपनीच्या नावापेक्षा मॉडेलमध्ये फरक जास्त पडतो. याच बॅकब्लेझच्या आकड्यांत सीगेटचे ३ टीबीचे एक जुने मॉडेल फार वाईट निघाले, तर त्याच कंपनीची इतर मॉडेल व्यवस्थित चालली. २०२३ मध्ये सॅनडिस्कच्या ‘एक्स्ट्रीम’ मालिकेतल्या काही पोर्टेबल एसएसडींमधली माहिती अचानक नाहीशी होत असल्याच्या तक्रारी आल्या आणि कंपनीला फर्मवेअरमध्ये दुरुस्ती द्यावी लागली. नावाजलेल्या घराण्यातही एखादी तुकडी खराब निघते.

म्हणून आमचा सल्ला असा: नामांकित तीन-चार कंपन्यांपैकी कोणतीही घ्या, पण एकीवर विसंबू नका. जी डिस्क कधीच बंद पडत नाही, ती अजून कोणी बनवलेली नाही.

जामीनदार वेगळ्या धंद्यातला असावा

आता हिशेबाचा मुख्य भाग. एक डिस्क वर्षभरात बंद पडण्याची शक्यता १.५ टक्के धरू. तीच माहिती दुसऱ्या डिस्कवरही ठेवली, तर दोन्ही एकाच वर्षात बंद पडण्याची शक्यता १.५ टक्क्यांचे १.५ टक्के, म्हणजे दहा हजार घरांत दोन-तीन घरे. हजारात पंधरावरून दहा हजारांत दोन-तीनवर आपण येतो आणि खर्च फक्त एका जादा डिस्कचा. कोणतीही महागडी डिस्क एकटीने एवढी सुरक्षितता देऊ शकत नाही.

पण या गणितात एक अट दडलेली आहे: दोन्ही डिस्कवरची संकटे वेगवेगळी असली पाहिजेत. कर्ज देताना जामीनदार कसा पाहतात? कर्जदाराचे कापडाचे दुकान असेल आणि जामीनदार त्याच दुकानातला भागीदार भाऊ असेल, तर कागदावर दोन सह्या असतात, प्रत्यक्षात जोखीम एकच असते. दुकान बसले की दोघेही बसतात. दोन डिस्क एकाच कपाटाच्या एकाच खणात ठेवल्या तर तेच होते. पाणी आले की दोन्ही जातात. चोर लॅपटॉपची बॅग उचलतो तेव्हा दोन्ही डिस्क त्याच बॅगेत असतात. विजेचा दाब अचानक वाढला आणि दोन्ही त्याच वेळी जोडलेल्या असल्या, तर दोन्ही जळतात. संगणकात खंडणीचा व्हायरस शिरला तर जोडलेली प्रत्येक डिस्क तो कुलूपबंद करतो.

या अटीकडे दुर्लक्ष केले तर सरकारेही अडचणीत येतात. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला लिथियम बॅटरीमुळे आग लागली. तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांची ‘जी-ड्राइव्ह’ नावाची सामायिक साठवण होती. तिच्यातली ८५८ टीबी माहिती जळाली आणि बाहेर दुसरी प्रत नव्हती. साठा फार मोठा म्हणून बाहेर प्रत ठेवली नाही, असे कारण दिले गेले. तंत्रज्ञानात जगाला शिकवणाऱ्या देशाची ही स्थिती.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी याचे सोपे सूत्र रूढ केले: ३-२-१. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. बँकांत हे आधीपासून आहे. लेजर मशिनच्या काळात रोजची प्रत टेपवर किंवा फ्लॉपीवर घेऊन दुसऱ्या जागी ठेवत असत. आजच्या बँकांचे पर्यायी केंद्र तर वेगळ्या भूकंप-विभागात असते.

आणि बडोद्याला याहून जुना दाखला आहे. आपल्या प्राच्य विद्या मंदिराने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात कांडांत प्रसिद्ध केली. ते काम शक्य झाले कारण रामायणाच्या पोथ्या देशाच्या निरनिराळ्या भागांत, निरनिराळ्या लिप्यांत, निरनिराळ्या घरांत जपल्या गेल्या होत्या. एका ठिकाणची पोथी वाळवीने खाल्ली तरी दुसरीकडची शाबूत राहिली. सूत्राला नाव नंतर मिळाले, आचरण आपल्याकडे आधीपासूनच होते.

दुकानात काय पाहावे

क्षमता. आधी मोजा. मोबाइलचा एक फोटो साधारण ३ ते ४ एमबी. १०,००० फोटो म्हणजे ४० जीबीच्या आत. मोबाइलवर एक तासाचे साधे फुल एचडी चित्रीकरण ४ ते ८ जीबी घेते. सामान्य कुटुंबाचे फोटो, काही लग्नांचे व्हिडिओ आणि जुन्या ध्वनिफिती मिळून १ टीबी बहुतेकांना पुरते. ४ टीबीची एक घेण्यापेक्षा १ टीबीच्या दोन घ्याव्या. संगणकावर १ टीबीऐवजी ९३१ जीबी दिसले तर घाबरू नका. मोजण्याची पद्धत वेगळी असते, माल कमी नसतो.

तबकडी की एसएसडी? तबकडीची डिस्क स्वस्त, पण आत फिरणारे भाग असल्याने पडली तर दुखावते. एसएसडीत फिरणारे काही नाही. ती वेगवान आहे, धक्का सोसते, पण महाग आहे. मात्र कपाटात वर्षानुवर्षे पडून राहण्यासाठी एसएसडी बनवलेली नाही. तिच्यातली माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि तो हळूहळू कमी होतो. जेडेक या मानके ठरवणाऱ्या संस्थेची घरगुती एसएसडीसाठी किमान अपेक्षा अशी की, लिहिण्याची मर्यादा संपलेल्या एसएसडीतली माहितीसुद्धा विजेशिवाय ३० अंशांत १ वर्ष टिकावी. नवी असेल तर ती बरीच जास्त टिकते, पण बडोद्याच्या उन्हाळ्यात कपाटाच्या आत ३० अंश क्वचितच असतात. म्हणून नेहमी हाताळायची प्रत एसएसडीवर आणि जपून ठेवायची प्रत तबकडीवर, अशी वाटणी चांगली. बजेट कमी असेल तर दोन्ही तबकडीच्या चालतील. फक्त त्या एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच तुकडीतल्या घेऊ नका.

जोडणी. खिशात मावणारी डिस्क यूएसबीवरच चालते. मोठ्या टेबलावरच्या डिस्कला वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो. ज्येष्ठांसाठी लहान बरी. वायर कमी, चूक कमी. तुमच्या लॅपटॉपला कोणते भोक आहे ते पाहूनच केबल घ्या. डिस्क विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालायला हवी असेल तर दुकानदाराला ‘एक्सफॅट’ पद्धतीने फॉरमॅट करून द्यायला सांगा. जुन्या ‘फॅट ३२’ पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही आणि लग्नाचा व्हिडिओ हमखास अडतो.

वॉरंटी. ती सहसा ३ वर्षांची, काही एसएसडींची ५ वर्षांची असते. ती डिस्कची असते, आतल्या माहितीची नाही. डिस्क बंद पडली तर कंपनी नवी कोरी देईल. मुंजीचे फोटो देणार नाही. खोक्यावर ‘डेटा रिकव्हरी’ सेवेचा उल्लेख असेल तर अटी वाचा.

खोटा माल. भाव चढले की खोटा माल वाढतो. ऑनलाइन बाजारात ‘१६ टीबी एसएसडी’ दोन-अडीच हजारांत दिसली तर ती खोटीच आहे. आत छोटे मेमरी कार्ड बसवून संगणकाला मोठा आकडा दाखवायला लावलेले असते. सुरुवातीचे फोटो नीट जातात, नंतरचे जुन्यांवर लिहिले जातात आणि हे महिन्यांनंतर कळते. जानेवारी २०२५ मध्ये युरोपात सीगेटच्या वापरलेल्या डिस्क, आतले तासांचे मीटर शून्यावर आणून, नव्या म्हणून विकल्या गेल्याचे उघड झाले. जुन्या मोटारीचे किलोमीटर मागे फिरवावेत तसे. त्यामुळे अधिकृत विक्रेत्याकडून, जीएसटीचे पक्के बिल घेऊन, बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. तो नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी दिसते का ते त्याच दिवशी पाहा. ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ नावाचा मोफत प्रोग्राम नवी डिस्क पूर्ण भरून परत वाचून पाहतो. नातवाला सांगा, एका रात्रीत काम होते.

क्लाउडचे काय?

क्लाउड उपयोगी आहे. तुमच्या घरात पाणी आले तरी तिथली प्रत कोरडी राहते. पण तो भाड्याचा बंगला आहे. गूगल फोटोची अमर्याद मोफत सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी मोफत, पुढे भाडे. भाडे थकले तर नवे फोटो जात नाहीत. आणखी महत्त्वाचे म्हणजे दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केले. एखादे ज्येष्ठ गेले, त्यांचा फोन कोणी उघडला नाही, तर दोन वर्षांनी त्यांचे फोटोही जाऊ शकतात.

आणि एक गैरसमज. मोबाइल आणि क्लाउड एकमेकांशी जोडलेले असतील तर ती दोन ठिकाणी ठेवलेली एकच वही असते. मोबाइलवर पुसले की तिकडेही पुसले जाते. म्हणून क्लाउड ही तिसरी प्रत ठीक, पहिली आणि एकमेव नको.

लॉकरमध्ये ठेवावी का?

बँकेत नोकरी केलेल्यांना हा प्रश्न फार जण विचारतात. दुसरी डिस्क लॉकरमध्ये ठेवायला हरकत नाही. घराबाहेरची जागा म्हणून ती चांगलीच. पण रिझर्व्ह बँकेचे लॉकरचे नियम माहीत असावेत. १८ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झालेले आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेले हे नियम सांगतात की आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झाले तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत. पूर, भूकंप, वीज अशा नैसर्गिक आपत्तींसाठी बँक जबाबदार नाही. शिवाय फोटोंची किंमत भाड्याच्या पटीत कशी मोजणार? म्हणून शाखा तळघरात किंवा नदीजवळच्या तळमजल्यावर असेल तर डिस्क हवाबंद पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा.

लॉकरपेक्षा सोपा उपाय नात्यातला. दांडिया बाजारातल्या घराची डिस्क गोत्रीतल्या बहिणीकडे, तिची इकडे. घर वरच्या मजल्यावरचे असेल तर उत्तम. तिसरी प्रत पुण्याला, बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला असलेल्या मुलांकडे. ती मुले दिवाळीला किंवा डिसेंबरात येतातच. जाताना लाडू-चिवड्याबरोबर एक डिस्क द्या, मागच्या वर्षीची परत घ्या.

नॉमिनी आणि मिळवणी

खात्याला नॉमिनी लावतो तसा डिस्कलाही लागतो. डिस्कवर काय आहे, कुठे आहे आणि कशी उघडते, हे घरातल्या आणखी एका माणसाला माहीत हवे. एका कागदावर लिहून महत्त्वाच्या कागदांच्या फाइलमध्ये लावा. कौटुंबिक फोटोंच्या डिस्कला पासवर्ड लावू नये, असे आमचे मत आहे. पासवर्ड लावलेल्या आणि पासवर्ड विसरलेल्या डिस्कमधून कोणीच काही काढू शकत नाही. मुदत ठेवी, मृत्युपत्र, पॅन-आधारच्या प्रती यांसाठी वेगळी छोटी डिस्क पासवर्डसह ठेवा.

फोल्डरला नावे द्या. ‘न्यू फोल्डर ३’ हे नाव नातवंडांना काही सांगत नाही. ‘१९८७ मंगलाचे लग्न, सुरसागरजवळचे घर’ हे सांगते. फोटोत कोण आहेत हे सांगणारी माणसे आपल्या घरांत अजून आहेत. ती आहेत तोवर नावे लिहून घेणे, हे डिस्क घेण्याहून निकडीचे काम आहे. दुकानात ते मिळत नाही.

आणि वर्षातून दोनदा मिळवणी. गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला दोन्ही डिस्क लावून पाहाव्या. एक तारीख पावसाळ्याच्या आधी येते, एक नंतर. दहा-वीस फोटो, एक-दोन व्हिडिओ प्रत्यक्ष उघडावेत; नुसती फाइलची नावे दिसली म्हणजे फाइल शाबूत आहे असे नाही. नवे फोटो भरावेत. डिस्क खडखड आवाज करू लागली, फार हळू झाली किंवा मधेच नाहीशी होऊ लागली तर त्याच दिवशी नवी घ्यावी. ५-६ वर्षांनी डिस्क चालू असली तरी बदलावी आणि जुनी जादा प्रत म्हणून ठेवावी. भंगारवाल्याला देताना नुसते डिलीट पुरत नाही. डिस्क पूर्ण पुसून घ्यावी किंवा तोडून द्यावी.

पाणी शिरलेच तर एक नियम पाळावा: भिजलेली डिस्क चालू करून पाहू नये. तबकडीच्या बहुतेक डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असते, त्यातून चिखलाचे पाणी आत जाते. चालू केली की ते कण तबकडी खरवडतात. उन्हात, तांदळात किंवा हेअर ड्रायरने वाळवू नये. तशीच पिशवीत बंद करून माहिती परत काढणाऱ्या व्यावसायिकाकडे द्यावी. खर्च डिस्कच्या किमतीच्या कित्येक पट येतो आणि यशाची हमी नसते. दुसरी प्रत असेल तर हा खर्च करायचाच नाही.

आपल्या मंडळापुढचा प्रश्न

हे सगळे घरापुरते झाले. पण बडोद्याच्या मराठी समाजाची सामायिक आठवणही अशीच विखुरलेली आहे. १९०९, १९२१ आणि १९३४ ही तीन साहित्य संमेलने या शहरात झाली. चौथे, ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, फेब्रुवारी २०१८ मध्ये झाले. २०१८ चे फोटो आणि चित्रीकरण कोणाकडे आहे? बहुधा शे-दोनशे सभासदांच्या मोबाइलमध्ये, आणि त्यांतले निम्मे मोबाइल आज बदललेले आहेत. गणेशोत्सवातली नाटके, गाण्याच्या मैफली, हळदीकुंकवाचे कार्यक्रम, दिवंगत कार्यकर्त्यांची भाषणे, जुन्या स्मरणिका, यांचेही तेच. १९३४ चा छापील कागद शोधला तर अजून सापडेल. २०१८ चा व्हिडिओ सापडेलच असे नाही. नवी गोष्ट जुनीपेक्षा लवकर हरवते, हे आपल्या काळाचे वैशिष्ट्य झाले आहे.

म्हणून कार्यकारिणीपुढे आम्ही एक छोटी सूचना ठेवतो. मंडळाने २ टीबीच्या दोन डिस्क घ्याव्या. खर्च एका मध्यम कार्यक्रमाच्या मंडप-ध्वनिक्षेपकाहून जास्त होणार नाही. एक कार्यालयात वरच्या खणात, दुसरी नदीपासून दूर राहणाऱ्या एका पदाधिकाऱ्याच्या घरी, नोंदवहीत सही करून. तिसरी प्रत क्लाउडवर, खाते मंडळाच्या नावाचे, कोणा एकाच्या खासगी मेलवर नाही. पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघांकडे. पदाधिकारी बदलले की ताबा देण्या-घेण्याच्या यादीत या दोन डिस्क लिहिलेल्या असाव्यात, जसे बँकेत चाव्यांचे होते. सभासदांनी आपल्याकडचे जुने कार्यक्रमांचे फोटो पेन ड्राइव्हवर आणून द्यावेत, मागे कोण कोण आहेत ते लिहून.

डिस्कचे भाव पुढच्या वर्षी उतरतील किंवा आणखी चढतील. पावसाळा मात्र जूनमध्ये येणार. त्याआधी एवढे झाले तर बरे.